नाव आसा, पण चालना नाय

मेस्तकाका माझ्या दुकानात चपला काढून यायचे. डिचोली बसस्टँडच्या मागे माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे कोणी चपला काढत नाही. लोक लाल मातीचे पाय घेऊन येतात, कागद पुढे टाकतात आणि बस सुटेल म्हणून घाई करतात. मेस्तकाका चपला पायरीखाली ठेवायचे, आत यायचे, बोटांच्या पेरांनी दाराजवळची भिंत वाजवायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "शैला, ह्या प्लॅस्टर सुटला गो."

"पडेल का?"

"पडाचा नाय. सुटलेला प्लॅस्टर लय वर्सां रवता."

मग ते स्टुलावर बसायचे. हातांची खुर्ची रिकामी असली तरी स्टुलावरच. "खुर्चेर बसलंय काय माका झोप येता," हे त्यांचं कारण.

त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. तो त्यांनीच बांधलेला. मूळचे ते पेडण्याकडचे, पार्से गावचे. खाणींच्या भराच्या काळात इकडे ट्रकवाल्यांची घरं धडाधड उभी राहत होती तेव्हा कामासाठी डिचोलीला आले आणि इथलेच झाले. बोली मात्र पेडण्याचीच राहिली. आमच्याकडे गवंड्याला, सुताराला मेस्त म्हणतात. त्यामुळे ते सगळ्यांचे विश्राम मेस्त, आणि आमच्या वाड्यावरच्या पोरांचे मेस्तकाका. कागदावर विश्राम सोनू नाईक. हे नाव फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना स्वतःलाही ते जरा परकंच वाटायचं.

ते मला कळलं ते त्यांच्या पहिल्या अर्जाच्या वेळी. खाजगी घर बांधायला गवंड्याला कोणी दाखला विचारत नाही. पण सरकारी काम घ्यायचं, शाळेचं कुंपण, गटार, रस्त्याकडेची संरक्षक भिंत, तर बांधकाम खात्यात कंत्राटदार म्हणून नाव नोंदवावं लागतं. काय काय लागतं ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन, कारण तालुक्यातले बरेचसे कंत्राटदार माझ्याकडूनच अर्ज टाईप करून नेतात. गोव्यात किती वर्षं राहता त्याचा रहिवासी दाखला, बँकेचा ऐपतीचा दाखला, आधी केलेल्या कामांचे दाखले, कराचे कागद, स्टॅम्पवर शपथपत्र, फोटो. मेस्तकाकांनी सगळं जमवलं आणि अर्ज परत आला. नाव नाईक, सही मात्र 'विश्राम मेस्त'.

"नाईक खूप आसत गो," ते मला म्हणाले. "त्यातलो मी खंयचो, ह्या सरकाराक कळूक नको?"

शेवटी माझ्या काउंटरवर बसून, वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर त्यांनी नवी सही गिरवली. वि. सो. नाईक. एकेक अक्षर ठेवायचे, मागे सरून बघायचे, पुन्हा पुढचं. अर्जावर ती सही केली आणि तिच्याखाली, अगदी बारीक अक्षरात, कंसात 'मेस्त' लिहिलं. कार्यालयातल्या कारकुनाने ते कसं चालवून घेतलं कोण जाणे. त्यांच्या फाईलमध्ये प्रत्येक कागदावर ती सही तशीच आहे, एक वरची, एक खालची.

नोंदणी झाल्याचं पत्र आलं तेव्हा ते त्यांनी मला पूर्ण वाचायला लावलं. त्यांना वाचता येत होतं, पण ऐकायचं होतं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकलं, अटींसकट. घेतलेलं काम दुसऱ्या कोणाकडे सोपवता येणार नाही, या अटीवर डोळे उघडले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्या नावावरचं काम तुम्हीच करायचं."

"मगे दुसरो कोण करतलो?" ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

पुढे वरच्या वर्गात जायचं ठरलं. त्यासाठी शिकलेला इंजिनियर नोकरीला आहे असं दाखवावं लागतं. 'दाखवावं लागतं' हाच शब्द सगळे वापरतात. साखळी गावाच्या बाजूची एक मुलगी नुकतीच डिप्लोमा होऊन बसली होती. कोणीतरी तिला मेस्तकाकांकडे पाठवलं. ती माझ्या दुकानात सर्टिफिकेटची प्रत घेऊन आली, काकांनी ती बघितली आणि म्हणाले, "बरा. फाल्यां सकाळी कामार ये."

मुलगी हसली. "काका, मी फक्त सर्टिफिकेट देणार. सगळ्या कंत्राटदारांना तसंच देतात."

"सर्टिफिकेट भित बांधता?"

"नाही, पण..."

"तुझा नाव माझ्या कागदार घालतंय तर तू दिसाक होयी. मी कोणाक सांगू, माझ्याकडे इंजिनियर आसा, पण ती खंय आसा ती ठावक नाय?"

मुलगी आधी रडकुंडीला आली, मग रोज कामावर जायला लागली. तिच्यासाठी कामावर एक छत्री, एक खुर्ची आणि दहा वाजता पेज. मोपाच्या विमानतळाकडे तिला मोठी नोकरी लागेपर्यंत ती त्यांच्याकडेच होती. बाकीचे कंत्राटदार यावरून हसायचे. काकांना त्याचं काही वाटायचं नाही.

हे सगळं खाणी चालू असतानाचं आणि त्यानंतरच्या थोड्या काळातलं. खाणी बंद झाल्या आणि डिचोलीतलं बांधकाम मंदावलं. ट्रक दारात गंजत उभे, घरं कोण बांधणार? काम सगळं पेडण्याकडे सरकलं, मोरजी, मांद्रे, विमानतळाचा रस्ता. त्याच सुमारास काकांचे गुडघे गेले. आणि त्याच सुमारास त्यांचा जावई रूपेश बेकार झाला.

रूपेश मूळचा गोव्याच्या हद्दीबाहेरच्या बांद्याकडचा, लग्नानंतर डिचोलीत राहायला आलेला. खाणीवर ट्रक होता त्याचा, तो गेला. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणेन. धडपड्या होता. बोलणं गोड, फोन सतत कानाला. कंत्राटं घ्यायची त्याच्या मनात होतं, पण स्वतःच्या नावावर नोंदणी होईना, कारण गोव्यातल्या रहिवासाची वर्षं भरत नव्हती. काकांची मुलगी सुजाता, म्हणजे त्याची बायको, माझ्याबरोबर शाळेत होती. एक दिवस ती, रूपेश आणि काका तिघं दुकानात आले. वकिलाने केलेलं कुलमुखत्यारपत्र होतं. विश्राम सोनू नाईक यांच्या वतीने सगळे व्यवहार जावई बघणार. मी प्रती काढल्या. तसे कागद मी रोज काढते.

काका स्टुलावर बसले होते. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं असेन, कारण त्यांनी आपणहून सांगितलं, "जावय म्हणजे दुसरो काय गो? घरातलोच मा तो."

सुरुवातीला ते कामावर जायचे. रूपेश गाडीतून न्यायचा, आणायचा. मोरजीला दिल्लीच्या एका माणसाचा बंगला चालू होता. तिथे एका सकाळी काकांनी चार थर चढलेली भिंत उतरवायला लावली, चिरे न भिजवता कोरडेच लावले होते म्हणून. मालक योगायोगाने तिथेच उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण आपली भिंत पाडताहेत एवढं दिसत होतं. रूपेशने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परतताना गाडीत तो काकांना एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही आता घरी आराम करा. गुडघे सांभाळा."

त्यानंतर गाडी काकांच्या दारात थांबेनाशी झाली. ते माझ्या दुकानात येऊन बसू लागले. चहात उंडा पाव बुडवून खायचे, जाणाऱ्या-येणाऱ्या बसेस बघायचे. कामाचं विचारलं तर "चलता" म्हणायचे. कामं चालली होती खरंच. पेडणे तालुक्यात दोन-तीन ठिकाणी सरकारी कामं होती, फलकावर त्यांचं नाव होतं. त्यांनी ते फलक पाहिलेही नव्हते.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशीही ते दुकानातच होते. नोंदणीच्या नूतनीकरणाचे कागद आणले होते. मी प्रती काढत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उभं राहून बोलायचे फोनवर, तसे उभे राहिले.

"हां," ते म्हणाले. मग बराच वेळ ऐकलं. "हां. कितके जाण?" पुन्हा ऐकलं. "बरा."

फोन खिशात ठेवला. मी प्रती त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी त्या काउंटरवर ठोकून चारी कडा जुळवल्या आणि माझ्याकडे दिल्या.

"पीन मार."

मी मारली. कागद पिशवीत घातले, पिशवीची नाडी बांधली. मग म्हणाले, "शैला, कामार एक माणूस मेलो."

चपला घालून ते म्हापशाच्या बसकडे चालत गेले, पेडण्याची बस तिथूनच मिळते. मी दुकानातून बघत होते. चालण्यात काही फरक नव्हता.

झालं होतं ते असं. एका गावात रस्त्याकडेला संरक्षक भिंत बांधायची होती. पायासाठी चर खोल मारला होता. माती भुसभुशीत, वर रस्त्यावरून डंपर जात होते, आणि चराच्या बाजूंना आधार लावलेला नव्हता. हणमंत नावाचा विजापूरकडचा मजूर खाली उतरला होता. वरची बाजू त्याच्यावर आली. बाकीच्यांनी हातांनी माती उपसली. काका पोचले तेव्हा त्याला इस्पितळात नेलं होतं, चर तसाच होता, आणि रूपेशचा फोन बंद लागत होता.

दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या पोलीस ठाण्यातून काकांना बोलावणं आलं. त्यांची बायको सुमतीकाकी गडग्याशी येऊन मला म्हणाली, "तू येशीत? ते काय लिवतत तां वाचून बघ. ह्येंका आता काय वाचूक दिसाचा नाय." मी दुकान बंद ठेवलं आणि गेले.

ठाण्याच्या व्हरांड्यात सुजाता होती, तिच्याबरोबर एक वकील. रूपेश बाहेर वकिलाच्या गाडीत बसलेला होता. काचेतून त्याचा फक्त खांदा दिसत होता. वकिलाने काकांना बाकावर बसवलं आणि हळू आवाजात, अगदी समजूतदारपणे सांगितलं. कागदावर कंत्राटदार तुम्ही आहात. तुम्ही म्हणा, कामावर मीच देखरेख करत होतो. तुमचं वय आहे, जामीन लगेच होईल. रूपेशचं नाव मग कुठेच येत नाही.

"आणि मी थंय नव्हतंय तां?" काकांनी विचारलं.

"ते कोण विचारतो?"

सुजाता त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा हात धरला आणि मुलाचा विषय काढला. "बाबा, माझो झिल ल्हान आसा. तेका काय सांगू मी? तुमी इतक्याच म्हणा. माझ्यासाठी."

काकांनी हात सोडवून घेतला नाही. आतून हाक आली तेव्हा उठले आणि चपला दाराबाहेर काढल्या. शिपाई म्हणाला, "चपला असू द्या." त्यांनी ऐकलं नाही.

फौजदार तरुण होता, सभ्य होता. त्याने मला कोपऱ्यात उभं राहू दिलं.

"काम कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"कामावर हजर कोण होतं?"

काका खिडकीकडे बघत होते. बाहेर वकिलाची गाडी होती. टेबलावरचा पंखा फिरत होता.

"माझो जावय."

"आणि तुम्ही?"

"मी डिचोलेक. हिच्या दुकानात."

"मग जबाबदारी कोणाची लिहू?"

"दोघांची लिवा. नाव माझा, काम तेचा. चराक आधार लावूक होयो होतो, लावूक नाय. तां तेणा बघूक होया होता." मग म्हणाले, "पण मी नव्हतंय. माझा नाव थंय होता आणि मी नव्हतंय. तां पयला लिवा."

फौजदाराने लिहिलं. मी वाचून बघितलं, तसंच होतं. काकांनी सही केली. वि. सो. नाईक. मी खाली कंसातल्या शब्दाची वाट बघत होते. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

दोघांनाही अटक झाली, काही दिवसांनी दोघांनाही जामीन मिळाला. जबाबाच्या दिवशी व्हरांड्यात सुजाता ओरडली नाही, रडली नाही. वडिलांकडे तिने बघितलंही नाही. आईला म्हणाली, "आई, चवथीक मी येवचंय नाय." गणेश चवथ अजून कितीतरी लांब होती.

हणमंतची बायको रेणुका नवऱ्याचा देह गावी नेऊन परत आली होती. काका तिला माझ्या दुकानात घेऊन आले. बरोबर तिचा दीर होता. बांधकाम कामगारांसाठी सरकारचं मंडळ आहे, तिथे नोंद असलेला मजूर कामावर मेला तर घरच्यांना मदत मिळते, असं काकांना कोणीतरी सांगितलं होतं. मी आधारचा नंबर घालून बघितलं. नोंद नव्हती. दुसऱ्यांदा बघितलं, कारण सगळे उभे होते.

"हणमंताचा नाव खंयच नाय?" काकांनी विचारलं.

"गावच्या मतदार यादीत असेल. इथे कुठेच नाही."

रेणुकाला आमचं बोलणं अर्धंमुर्धं कळत होतं. ती पुढे आली, काउंटरवर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाली, "तो अब लिखो ना."

मी तिला सांगितलं की आता लिहिता येत नाही. जिवंतपणी लिहावं लागतं, असं मी म्हणाले. हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. ती मान डोलावून मागे सरली. कोर्टातून जे काय मिळेल ते मिळेल, असं दिराने तिला कानडीत सांगितलं असावं. काका भिंतीशी उभे होते. त्या दिवशी त्यांनी ती वाजवली नव्हती, आणि त्यानंतर कधीच वाजवली नाही.

पुढे खात्याकडून पत्र आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत नोंदणी स्थगित. काका ते पत्र घेऊन कार्यालयात गेले. मी बरोबर होते, कारण अर्ज मी टाईप केला होता: माझं नाव कंत्राटदारांच्या यादीतून काढून टाकावं. कारकुनाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"काढता येत नाही. चौकशी चालू आहे."

"मगे माझा नाव चलता?"

"चालत कसं? स्थगित आहे."

"मगे काढा."

"स्थगित असलेलं काढता येत नाही, मेस्त. आधी स्थगिती उठायला हवी. ती उठली की मग तुम्ही रद्द करायचा अर्ज द्या."

"म्हणजे नाव आसा," काका हळूहळू म्हणाले, "पण चालना नाय."

"अगदी बरोबर," कारकून म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं.

ते वाक्य काकांच्या तोंडी बसलं. माझ्या दुकानातल्या पंख्याला म्हणायचे, आसा पण चालना नाय. गुडघ्यांना म्हणायचे. एकदा सुमतीकाकीने विचारलं, जेवणाला चव आहे का, तर तेच म्हणाले. विनोद म्हणून नव्हे. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यावं तसं.

घरात ते फारसे बोलत नव्हते. काकी म्हणायची, जेवतात, झोपतात, उठतात, भांडण नाही, तंटा नाही, पण भिंतीला टेकून बसल्यासारखं वाटतं. काकी सुजाताकडे जायची, नातवाला बघून यायची. आल्यावर काका "बरो आसा?" एवढंच विचारायचे, आणि "बरो आसा" हे ऐकून उठून जायचे. चवथीला सुजाता आली नाही. गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी दर वर्षी ती बांधायची. त्या वर्षी काकांनी बांधली. सुपाऱ्यांचे घोस, नारळ, तोरिंजण, सगळं एका ओळीत, सारख्या अंतरावर. कोणी माटोळी अशी बांधत नाही.

त्यानंतर केव्हातरी ते पहिला मजूर घेऊन आले. मग दुसरे, मग बायका. डिचोलीच्या नाक्यावर सकाळी कामाची वाट बघत उभे असतात ते. काका त्यांना चपला काढायला लावायचे, रांगेत उभे करायचे आणि मला म्हणायचे, "ह्येंची नावां घाल."

मंडळाकडे नोंद करायला आधार, बँकेचं पुस्तक, फोटो लागतात, ते जमतं. अडतं ते एकाच कागदावर. वर्षभरात ठरावीक दिवस बांधकामावर होता, असा दाखला कंत्राटदाराने द्यावा लागतो. ही सही करायला कोणी तयार नसतो. सही केली म्हणजे हा माणूस माझ्याकडे कामाला आहे हे कबूल केलं, आणि ते कबूल केलं की पुढचं सगळं मागे लागतं.

"मी सय केली तर?" काकांनी विचारलं.

"तुमची चालणार नाही, काका."

"होय. चालना नाय."

मग ते कंत्राटदारांच्या घरी जायला लागले. त्यातले काही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. मुळगावच्या एका कंत्राटदाराच्या घरी मी होते, त्याच्या मुलीचे कागद द्यायला गेले होते तेव्हा. काका बल्कांवात, त्या ओट्यावर, बसून होते. घरधनी आत-बाहेर करत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "मेस्त, तुमी तुमचा नाव दिलात आणि काय झाला तां बगलात मा? आणि आता माझ्याकडे माझा मागतास?"

"माका नको," काका म्हणाले. "ती माणसां तुझ्याकडे कामाक आसत?"

"आसत."

"मगे आसत म्हणान लिव. नसतीत तर नको लिवू."

तो उभाच राहिला. काका उठून जाण्याचं काही लक्षण दिसेना. आतून त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला. मग त्याने पेन मागितलं. काकांनी आभार मानले नाहीत. कागदांच्या कडा जुळवल्या आणि निघाले.

काहींनी सही केली, पुष्कळांनी केली नाही. एकाने कुत्रा सोडला असं मी ऐकलं, काकांना विचारलं तर म्हणाले, "बांधलेलो होतो." मी एकदा धीर करून विचारलं की हे कशासाठी करता. मला वाटलं हणमंतचं नाव घेतील. त्यांनी बाहेरच्या बसेसकडे बघितलं.

"वेळ जाता," ते म्हणाले.

खटला चालू आहे. पेडण्याच्या कोर्टात तारखा पडतात. पहिला आरोपी विश्राम सोनू नाईक, दुसरा आरोपी रूपेश. दोघं एकाच गावातून एकाच कोर्टात एकाच तारखेला जातात. रूपेशची गाडी विकली गेली, तो आता कोणाचा तरी टेम्पो चालवतो. तारखेच्या दिवशी तोही बसनेच जातो. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. काका स्टँडच्या एका टोकाला उभे असतात, रूपेश दुसऱ्या टोकाला रसवाल्याच्या गाड्यापाशी. हे डिचोलीत सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी त्याकडे बघत नाही.

मागच्या तारखेला मी दुकान उघडत होते. म्हापशाची बस लागली होती. काका दांड्याला धरून, एक पाय वर, मग दुसरा, असे चढले आणि पुढच्या दाराजवळच्या सीटवर खिडकीशी बसले. बस भरत चालली. माझ्यापासून ती खिडकी चार पावलांवर होती. एक बाई चढली, तिने बाजूची जागा बघून विचारलं, "कोण आसा हय?"

काकांनी हात सीटवर ठेवला.

"आसा," ते म्हणाले. "येता."

मग एक कॉलेजचा मुलगा आला, त्यालाही तेच सांगितलं. रूपेश सगळ्यात शेवटी चढला. काका समोर बघत होते. रूपेश क्षणभर थांबला. त्याने ती जागा पाहिली, सीटवरचा हातही पाहिला असणार, कारण तो तिथेच, अगदी जवळ उभा होता. मग तो बाजूने निघून मागे गेला आणि वरच्या दांड्याला धरून उभा राहिला.

कंडक्टरने घंटी मारली. बस मागे सरून वळली आणि रस्त्याला लागली. मागच्या काचेत उभी माणसं दिसत होती. पुढच्या खिडकीत काका तसेच सरळ बसलेले होते आणि त्यांचा हात अजून त्या जागेवर होता.